कुठल्या सणाला करतो आपण वजडी?

"जपानमध्ये भाऊंचं सगळं बोलणं पोरीनं इंग्लिशमध्ये करून सांगितलं म्हणे. भरल्या टेबलावर, सगळ्या देशांच्या लोकांपुढं. भाऊ किती वेळा सांगायचे."

आवाज लता काकूंचा होता, तुमच्या मित्राच्या, सुधाकर काकांच्या बायकोचा. मी किचनच्या दाराबाहेर रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. आतून कुणीतरी म्हणालं, "तेवढं तरी सुख पाहून गेले." मग नळ सुरू झाला. मी ट्रे तुमच्या शूजच्या रॅकवर ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

पप्पा, तुम्ही हे लोकांना सांगत होतात, हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही जाऊन तिसरा दिवस होता. बहरीनमधल्या, हूऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांत एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. खालच्या कोल्ड स्टोअरवाल्याने, म्हणजे आपल्या किराणावाल्याने, न सांगता कागदी कपांचे दोन गठ्ठे वर पाठवले होते. तुमच्या प्लँटवरची मुलं ड्युटी संपवून आली होती, मोजे काढून भिंतीला टेकून बसली होती, आणि त्यांच्यातला प्रत्येक जण मला बघून मान हलवत होता, जणू मी काहीतरी चांगलं केलं आहे. आईजवळ जाऊन एक जण हिंदीत म्हणाला की लेकीने बापाला जपान दाखवलं, असं नशीब सगळ्यांना मिळत नाही. आईने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे.

खरं काय झालं ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. आता फक्त मला.

जपान तुमच्या डोक्यात माझ्या जन्माच्या आधीपासून होतं. तुम्ही नवीन होतात, चिलर प्लँटवर हेल्पर, आणि मशिनं बसवायला एक जपानी इंजिनियर आला होता. दुपारी सगळे आपापल्या गटात जेवायचे. मल्याळी एकीकडे, पंजाबी एकीकडे, आपले महाराष्ट्रातले एकीकडे, आणि तुम्ही कॉम्प्रेसरच्या मागे एकटे. कारण आपल्या गटात पहिल्याच दिवशी कुणीतरी तुमचं गाव विचारलं होतं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं होतं. एक दिवस तो इंजिनियर तिथे येऊन जमिनीवर बसला. तुमच्या डब्यात भाकरी आणि सुकट होती. त्याने बोटाने दाखवलं, तुम्ही डबा पुढे केलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्याने खाल्लं, अजून मागितलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा डबा आणून तुमच्या पुढ्यात ठेवला. "नाव विचारलं त्यानं, बाकी काही नाही," असं म्हणून तुम्ही ही गोष्ट संपवायचात. मी ती इतक्यांदा ऐकली होती की तुम्ही "कॉम्प्रेसरच्या मागे" म्हणालात की मी फोन बघायला लागायचे.

ट्रिप मी बुक केली हे खरं आहे. माझी ऑफिसमधली सीनियर राधिका तिच्या नवऱ्याबरोबर जाणार होती. ती बंगळुरूची, मनाने चांगली. तिनेच मला त्या टूरचं पान पाठवलं. आठ माणसं, एक गाइड, टोकियो, क्योटो, ओसाका, नारा, हिरोशिमा. शहर बघायचं आणि तिथलं जेवण जेवायचं. आईचे गुडघे एवढा प्रवास सहन करणार नव्हते, म्हणून आपण दोघं. तुम्ही तो कार्यक्रम प्रिंट करून आणायला लावलात आणि प्लँटवर चेकलिस्ट भरता तसा लाल पेनाने एकेक ओळ वाचत बसलात. ओसाकापाशी पेन थांबलं. "हे होरुमोन काय आहे?" मी शोधून सांगितलं, आतडी, पोटाचा भाग, निखाऱ्यावर भाजतात.

तुम्ही चष्मा काढून हसलात. "वजडी! अगं, वजडी खायला जपानला न्यायला लागलीस की मला."

आई म्हणाली, "आणा इथं, मी करते. तेवढ्यासाठी विमान कशाला."

आपलं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. शाळेपासून मी त्या आडनावाच्या आडोशाने राहिले. कुणी विचारलं तर महाराष्ट्रीयन, एवढंच. घरात वंदना म्हणायची, वर्गात त्याबद्दल बोलायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मीच शिकले. तुम्ही उलटे. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालासुद्धा तुम्ही सांगून मोकळे. अरादच्या किल्ल्याशेजारी आपण संध्याकाळी चालायचो, तिथे यावरून आपलं भांडण झालं होतं. एक नवीन मराठी कुटुंब भेटलं, त्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलंत, जय भीम घातलात, आणि ते लोक दोन मिनिटांत मुलाला भूक लागली म्हणून निघाले. मी चिडले. सगळ्यांना सांगायची काय गरज आहे, असं मी इंग्लिशमध्ये म्हणाले, नेहमीसारखं. तुम्ही मराठीत विचारायचं आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, अशीच आपली सव्वीस वर्षं गेली.

"मी सांगत नाही. ते विचारतात," तुम्ही म्हणालात. "विचारल्यावर खोटं कशाला?"

मी म्हटलं, न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

तुम्ही थोडं चाललात. समोर समुद्र ओसरला होता, चिखलात पक्षी फिरत होते. "असेल बुवा," तुम्ही म्हणालात. "तुझं इंग्लिश चांगलं आहे."

ते भांडण तिथेच राहिलं. जपानला जाताना मी ते बरोबर घेऊन गेले होते, तुम्ही बहुतेक नाही.

टोकियोत तुम्ही सुखात होतात. हॉटेलचा दरवान वाकला की तुम्ही वाकायचात, मग तो पुन्हा, मग तुम्ही पुन्हा, आणि मागे सगळा ग्रुप खोळंबलेला. बाकीचे लोक कंदिलांचे आणि देवळांचे फोटो काढत होते, तुम्ही एसीच्या आउटडोअर युनिट्सचे. "बघ, भिंतीला चिकटून आहे आणि आवाज आहे का?" मला लाज वाटत होती. काल मी तुमचा फोन उघडला. बुद्धाचे चार फोटो आहेत आणि बाकी कंडेन्सर. एकाच्या कोपऱ्यात माझा अर्धा चेहरा आहे, कंटाळलेला. तो एक मी ठेवला आहे.

आपली गाइड नोरिको-सान. पन्नाशीची, बारीक, पायात कायम तेच करडे बूट. तिचा एक नियम होता. रोज रात्रीचं जेवण झालं की ग्रुपमधल्या एकाने आपल्या घरच्या जेवणाची एक आठवण सांगायची. ती हे सगळं एका वहीत जपानीत लिहून घ्यायची, वरती माणसाचं नाव, खाली त्याची आठवण. तुमचा नंबर ओसाकात होता. तुम्हाला इंग्लिश येत होतं, पण ते प्लँटचं इंग्लिश, व्हॉल्व्ह आणि प्रेशरचं. म्हणून तुम्ही मराठीत बोलायचात आणि मी सांगायचे. क्योटोत पंधरा छोट्या वाट्या समोर आल्या, प्रत्येकीत घासभर, तेव्हा तुम्ही गंभीरपणे विचारलंत की मेन आयटम कधी येणार, मी ते तसंच सांगितलं आणि नोरिको-सान तोंडावर हात धरून हसली. तोवर मी तुमचं सगळं नीट सांगत होते. हे तरी माझ्या बाजूने लिहिते.

क्योटोतल्या शेवटच्या जेवणाला राधिकाचा नंबर होता. तिने आजीच्या हातच्या दहीभाताचं सांगितलं. आजी पहाटे अंघोळ करून ओल्यानेच स्वयंपाकघरात जायची, स्वयंपाक होईपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही, घरातल्या माणसांनीसुद्धा, आणि त्या भाताला जी चव होती ती पुन्हा कुठे मिळाली नाही. सगळ्यांना ते फार आवडलं. नोरिको-सानने पानभर लिहिलं. तुम्ही मला विचारून घेतलंत, मी सगळं सांगितलं, शिवायचं नाही हेसुद्धा. "चांगली आहे गोष्ट," तुम्ही म्हणालात. आणि खोलीकडे जाताना जिन्यात थांबलात. "उद्या मी मराठीतच सांगतो. जरा लांब आहे. तू नीट सांगशील ना?"

मी हो म्हटलं. तेव्हा मी खरंच हो म्हटलं होतं, पप्पा.

ओसाकातलं ते दुकान तुम्हाला आवडलं होतं. बुटकी स्टुलं, मध्ये निखाऱ्यांची शेगडी, भिंती धुराने काळ्या. तुम्ही खिशातून लसणाच्या चटणीची बाटली काढलीत आणि दुकानाच्या मालकालाही चाखायला लावलीत. तो खोकला आणि त्याने अंगठा दाखवला. राधिका मशरूम आणि कोबी भाजून घेत होती. नोरिको-सान चिमट्याने तुकडे उलटत हळू आवाजात म्हणाली की हे एके काळी टाकून द्यायचे भाग होते. जे हे खायचे आणि कातड्याचं, मांसाचं काम करायचे, त्यांच्या शेजारी बाकीचे लोक बसत नसत. आमच्याकडे हे मोठ्याने बोलत नाहीत, ती म्हणाली.

ते तुम्हाला माझ्याशिवाय कळलं. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात आणि सरळ तिच्याकडे बघून मराठीत सुरू केलंत.

जामखेडकडचं तुमचं गाव. बाजाराच्या दिवशी दुपार कलली की माझी आजी पातेलं घेऊन मटणाच्या दुकानामागे जायची. दुकानदार वजडी वरून सोडायचा, हात पातेल्याला लागू नये म्हणून. कधी नेम चुकायचा, मग आजी खाली बसून मातीतून उचलायची. ओढ्यावर नेऊन धुवायची, घरी गरम पाण्यात चुना टाकून पुन्हा धुवायची, काडीने आतडी उलटी करायची. संध्याकाळी सगळ्या आळीला वास. तुम्ही सहावीत होतात. ओढ्यापर्यंत आजीच्या मागे जायचात, पण अंतर ठेवून, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. एकदा शाळेचे गुरुजी सायकलवरून आले, थांबले, तिच्याकडे बोट करून म्हणाले, ही तुझी कोण रे? तुम्ही म्हणालात, माहीत नाही गुरुजी, मी हिच्याबरोबर नाही. आजीने ऐकलं. तिने पातेलं एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं आणि पुढे चालायला लागली. रात्री जेवायला बसल्यावर पहिली वाटी तुम्हाला दिली. ती त्याबद्दल कधी काही बोलली नाही, तुम्हीही नाही. ती गेली तेव्हा तुम्ही इथे बहरीनला होतात, लीव्ह मंजूर व्हायची वाट बघत. "माझी आई होती ती," तुम्ही त्या टेबलावर म्हणालात. "एवढं त्या मास्तरला सांगायचं राहिलं. म्हणून इथं सांगतो."

तुम्ही दहा मिनिटं बोलला असाल. मी ही गोष्ट आधी कधीच ऐकली नव्हती. तुम्ही ती मला घरी सांगू शकला असतात. तुम्ही ती माझ्या तोंडून सांगायला निवडलीत, आणि का निवडलीत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. राधिका हनुवटीखाली हात घेऊन, हसऱ्या चेहऱ्याने. मला रविवारचं, म्हणजे आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवसाचं ऑफिस दिसलं. पँट्री दिसली, तिथे तिने कुणाला तरी सांगितलेलं दिसलं, आणि त्यानंतर माझा डबा उघडताना माझ्याकडे न बघणारे लोक दिसले. तिने असं कधीच काही केलं नव्हतं, हेही मला माहीत होतं. तरी माझ्या तोंडातून इंग्लिशमध्ये जे निघालं ते एवढंच होतं: त्यांच्या गावाकडे असाच एक पदार्थ करतात, सणाला. त्यांची आई तो करायची. ती फार चांगली सुगरण होती.

"सो स्वीट, अंकल," राधिका म्हणाली.

नोरिको-सानने एक ओळ लिहिली. मग पेन धरून थांबली, तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुढे काही येत नाही हे कळल्यावर तिने पान उलटलं. ओळीखालचं सगळं पान कोरं होतं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. प्लँटवरचं एखादं चांगलं चालणारं मशीन अचानक बंद पडलं की तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून जसं बघायचात, तसं. मग सगळ्यांना थँक यू म्हणून थोडं वाकलात, आणि माझ्या कपात चहा ओतलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाऱ्याला जाताना आपण खिडकीशी बसलो होतो. तुम्ही भाताचा गोळा खात होतात, त्याचं समुद्रशेवाळाचं काळं पान नीट गुंडाळत.

"कुठल्या सणाला करतो आपण वजडी?" तुम्ही विचारलंत. तुमच्या तोंडावर हसू होतं.

मी पुटपुटले की ते खूप कॉम्प्लिकेटेड होतं, सांगायला अवघड होतं.

"अवघड नव्हतं गं," तुम्ही म्हणालात. "लांब होतं फक्त."

आणि बाहेर बघायला लागलात. त्यानंतर उरलेले दिवस तुम्ही माझ्यामार्फत एक वाक्यही बोलला नाहीत. तुमच्या त्या व्हॉल्व्हच्या इंग्लिशमध्ये नोरिको-सानशी थेट बोललात. "धिस व्हेरी गुड. माय मदर सेम." तिला कळत होतं. मी मागून बॅग घेऊन चालत होते. कुणी बघितलं असतं तर मी त्या माणसाबरोबर आहे असं वाटलं नसतं.

नाऱ्याच्या मोठ्या बुद्धासमोर तुम्ही शूज काढलेत. तिथे कुणी काढत नाही, सगळे तसेच फिरतात. नोरिको-सान म्हणाली, नो नीड. तुम्ही म्हणालात, "फॉर मी, नीड." त्या थंड दगडावर पायमोज्यांत उभे राहून, हात जोडून तुम्ही त्रिशरण म्हणायला लागलात, हळू आवाजात. घरी जिथे मी आणि आई सूर मिळवतो तिथे तुम्ही जरासे थांबलात. मी मोबाइल वर धरून बुद्धाचा फोटो काढत होते. तुम्ही एकट्यानेच पूर्ण केलंत. तुमच्या शूजच्या शेजारी मी उभी होते, तेवढं केलं.

परत आल्यावर मी ठरवलं होतं की बोलायचं. वेळ होता. सकाळी तुम्ही मला ऑफिसला सोडायचात, वीस मिनिटं आपण दोघंच, रेडिओवर मल्याळी गाणी. सिग्नलला गाडी थांबली की मी वाक्य जुळवायचे. इंग्लिशमध्ये जुळवलं की ते मीटिंगमधल्या माफीसारखं वाटायचं. मराठीत जुळवलं की पुढचा शब्द सापडायचा नाही, आणि तेवढ्यात हिरवा. तुम्ही म्हणायचात, "यल्ला, चल, उतर, मागे गाड्या आहेत." आठ महिने मी तशीच उतरले. त्या शेवटच्या सकाळीही तसंच झालं. मी दार जोरात लावलं, कारण ते नीट लागत नाही, आणि तुम्ही नेहमीसारखं काचेतून बोट हलवलंत की हळू लाव.

आणि या आठ महिन्यांत तुम्ही लोकांना सांगत होतात की माझ्या पोरीनं माझं सगळं बोलणं करून सांगितलं. का, पप्पा? मला वाचवायला? की जसं व्हायला हवं होतं तसं सांगून तुम्ही ते तसंच करून टाकलंत? की तो टोमणा होता, फिरून फिरून कधीतरी माझ्यापर्यंत यावा म्हणून? तुम्ही असता तर म्हणाला असतात, एवढं डोकं नको लावू, खलास. पण मी बाथरूमच्या दाराला टेकून यावरच बसले होते, बाहेरून आईने हाक मारेपर्यंत.

त्या दिवशी मी नोरिको-सानला मेल केला. फक्त एवढंच की तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. तिने सुरुवातीला तुमच्या वाकण्याबद्दल लिहिलं होतं, दरवान अजून विचारतो म्हणे. मग लिहिलं होतं: तुमचे वडील त्या दिवशी खूप वेळ बोलले होते आणि माझ्या वहीत एकच ओळ आहे. बाकीचं त्यांचंच आहे असं समजून मी ते पान कोरं ठेवलं आहे. तुम्हाला कधी वाटलं तर.

वाक्य तिथेच संपलं होतं. मी ते आईला दाखवलं. आईने विचारलं, "एकच ओळ का?" मी तिला सांगितलं. पहिल्यांदा, किचनमध्ये, भांडी पुसता पुसता. वजडीचं, पातेल्याचं, गुरुजींचं, आणि मग माझं. तिलाही तुम्ही गुरुजींचं कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. तिने माझ्या हातातलं ताट घेतलं, पुन्हा पुसलं आणि म्हणाली, "शुक्रवारी श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे. सुधाकर भाऊजी तुला बोलायला सांगणार आहेत. मी नाही म्हणून सांगणार होते, तुला जमत नाही म्हणून. आता नाही सांगत."

शुक्रवारी हॉलमध्ये तुमचा तो फोटो लावला होता, आयडी कार्डवरचा मोठा करून घेतलेला, त्यात तुम्ही श्वास रोखून बसल्यासारखे दिसता. मेणबत्त्या, पांढरी फुलं. वंदना झाली. मी मोठ्याने म्हटली, पण सगळेच म्हणत होते, त्यात काही विशेष नाही. पुढच्या रांगेत तुमचे फोरमन अबू हसन बसले होते, पायघोळ पांढऱ्या थोबमध्ये, हातात तसबीहची माळ. तिसऱ्या रांगेत राधिका, पांढरा कुर्ता घालून, एकटीच आली होती. तिने कुठूनतरी विचारून घेतलं असणार की पांढरं घालतात.

अबू हसन पहिल्यांदा बोलले. तुम्ही जपानहून वर्कशॉपमध्ये मिठाई आणली होती, आणि त्यांनी विचारलं होतं की तिथे सगळ्यात चांगलं काय खाल्लं. "हा म्हणाला, ते लांब आहे, माझ्या मुलीला विचारा. तिने तिथे सांगितलं आहे, ती नीट सांगते." ते हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले की आज ते विचारत आहेत.

सुधाकर काकांनी माइक माझ्या हातात दिला. "तेच सांग बाळा, जे तिथं सांगितलंस."

माइक गरम होता. मी तुमच्या फोटोकडे बघितलं, मग तिसऱ्या रांगेकडे. राधिका हनुवटीखाली हात घेऊन बसली होती, अगदी तशीच. मी एक वाक्य मराठीत म्हणत होते आणि तेच लगेच इंग्लिशमध्ये, तुम्ही बोलत आहात आणि मी शेजारी बसून सांगते आहे असं. दुकानाच्या मागची बाजू सांगितली, वरून सोडलेलं पातेल्यात पडलेलं आणि मातीत पडलेलं सांगितलं, चुना, ओढा, सायकल. मध्ये एकदा मी आईकडे बघितलं, तेव्हा तिने मान हलवली, चालू ठेव म्हणून. सगळं झालं, आणि माइक परत देता आला असता. पण माझं राहिलं होतं. मी मोठ्याने म्हणाले:

"ओसाकात मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सगळे बघत होते म्हणून मी म्हटलं की वजडी सणाला करतात. कुठल्याही सणाला करत नाहीत. ती माझ्या आजीनं केली, आणि ज्यांनी खाल्ली ते हे माझे पप्पा. मी यांच्याबरोबर आहे."